एक माणूस, दोन रूपं: एआयच्या मदतीने जोडचित्र कसं घडवायचं

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावजत्रा भरते, काही गावांत शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटकाचा मंडप उभा राहतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत हा हंगाम होळीपर्यंत चालतो. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. थोड्या दिवसांपूर्वी ज्याच्या हातात इळा होता, तोच माणूस रात्री भरजरी कोट घालून रंगमंचावर उभा राहतो आणि पहाटेपर्यंत प्रेक्षकांना जागं ठेवतो. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण गावोगावच्या कितीतरी कलावंतांचा फोटो फक्त नाटकाच्या पोस्टरवर असतो, तोही मेकअपमधला. चिखलात उभं राहून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवतानाचा त्यांचा फोटो कोणी काढलेलाच नसतो.

अशा माणसाची दोन्ही रूपं शेजारीशेजारी मांडणारं चित्र आता मोबाइलवर घडवता येतं. हा लेख त्याच कामाबद्दल आहे. नाटकातला कलावंत मी उदाहरणासाठी घेतला आहे. हीच रीत कापूस वेचणाऱ्या आणि संध्याकाळी बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बाईसाठी चालते, तशीच दिवसा ट्रॅक्टर चालवून रात्री खंजिरी भजनात बसणाऱ्या तरुणासाठीही चालते.

आधी माणूस समजून घ्या

बहुतेक जण सुरुवात ॲप उघडून करतात. त्यामुळे हाती येतं ते ठरीव चित्र: अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, एक डोळा निळा आणि दुसरा लाल. असं चित्र कोणाचंही असू शकतं. विरोध बाहेरून आणून चिकटवला की माणूस हरवतो. त्याच्या जगण्यात जो विरोध आधीच आहे तो शोधायचा आणि तोच काढायचा.

गाडगेबाबांचं उदाहरण घ्या. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले बाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. पाहायला गेलं तर दोन टोकं: धुळीतला मुका श्रम आणि हजारोंना हसवणारी, रडवणारी वाणी. पण दोन्हींच्या मागे माणूस एकच आणि कामही एकच. सकाळी रस्ता झाडायचा, रात्री मनं झाडायची. चांगल्या जोडचित्रात हेच दिसायला हवं. दोन रूपं वेगळी असावीत, पण एक पाहिल्यावर दुसरं पटावं.

म्हणून त्या माणसाजवळ अर्धा तास छपरीत, म्हणजे ओसरीवर, बसा आणि साधे प्रश्न विचारा. दिवसात कपडे केव्हा बदलता? घरात काय हाक मारतात, गावात काय म्हणतात? हातात सगळ्यात जास्त वेळ कोणती वस्तू असते? असं कोणतं काम आहे की ते करताना लोकांनी पाहिलं तर त्यांना नवल वाटेल? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा उत्तर मिळतं आणि बहुतेकदा तिथेच चित्र असतं. नाटकात वर्षानुवर्षं खलनायक रंगवणारा माणूस घरी वासराला बाटलीने दूध पाजत असेल, तर तुम्हाला आणखी काही शोधायची गरज नाही.

उत्तरं मिळाली की प्रत्येक रूपासाठी चारच गोष्टी कागदावर लिहा: कपडे, हातातली वस्तू, जागा आणि दिवसाची वेळ. मनातला भाव लिहू नका. भाव या चार गोष्टींतून येऊ द्या. यंत्राला 'दुःखी शेतकरी' म्हटलं की ते भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे लागलेले डोळे काढून देतं. विदर्भातला शेतकरी म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे तेवढंच येतं आणि यंत्र त्यांच्याच चित्रांवर शिकलेलं आहे. मामा तलावाच्या (माजी मालगुजारी तलावाच्या) पाण्यावर धान पिकवणाऱ्या भंडाऱ्याच्या माणसामागे भेगाळलेली जमीन दाखवणं खोटं आहे. आपल्या माणसांचं हाल हेच रूप म्हणून फिरवणं मला मुळीच मान्य नाही.

परवानगी, आणि ती कशाची

'तुमचा फोटो काढू का?' एवढं विचारून भागत नाही. तीन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. तुमचा फोटो इंटरनेटवरून एका कंपनीच्या संगणकावर जाईल. त्यातून जे चित्र तयार होईल तो प्रसंग प्रत्यक्ष घडलेला नसेल. आणि ते चित्र कुठे दिसेल: फक्त घरात, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर की सगळ्यांसाठी फेसबुकवर. तिन्हींना वेगवेगळा होकार घ्या. एखाद्या काकूंना घरातल्या भिंतीवर चित्र हवं असेल आणि ग्रुपवर नको असेल, तर ते तसंच पाळा. चॅटजीपीटी आणि गूगलचं जेमिनाय या दोन्ही एआय ॲपच्या सेटिंगमध्ये आपलं संभाषण मॉडेल सुधारण्यासाठी वापरू न देण्याची सोय आहे. फोटो चढवण्याआधी ती पाहून घ्या.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे फोटो आईवडिलांच्या होकाराशिवाय चढवू नका. निधन झालेल्या माणसाचं चित्र करायचं असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारा, कारण एकाला जे सुखाचं वाटतं ते दुसऱ्याला सोसवत नाही.

गडचिरोलीच्या बाजूला आणखी एक काळजी घ्यावी लागते. नाटकातली भूमिका पोलिसाची असो वा बंदूकधाऱ्याची, खऱ्या माणसाच्या चेहऱ्याला गणवेश आणि बंदूक लावलेलं चित्र करू नका. नाटकाचा फोटो निदान मंडपासकट दिसतो. एआयचं चित्र मात्र खऱ्यासारखं दिसतं आणि एकदा मोबाइलमधून मोबाइलमध्ये गेलं की ते नाटकातलं आहे हे सांगायला त्याच्यासोबत कोणी नसतं. त्याचा त्रास त्या माणसाला भोगावा लागेल. खलनायक दाखवायला मिशी, काळा कोट आणि नजर पुरेशी आहे.

मूळ फोटो काढणं

इथे घाई केली तर पुढे कितीही चांगलं लिहा, चेहरा जुळत नाही. यंत्र अंदाजाने भर घालतं. फोटोत कान दिसला नाही तर ते कान स्वतःच्या मनाने काढतं.

तीन ते पाच फोटो हवेत: एक समोरून, एक थोडा डावीकडून, एक थोडा उजवीकडून, एक हसताना आणि जमल्यास एक पूर्ण उभा. टोपी, गॉगल, गमछा काढून ठेवायला सांगा. चष्मा रोजचा असेल तर एक फोटो चष्म्यासह, एक चष्म्याशिवाय. अंगणात सावलीत उभं करा. चेहरा उघड्या आभाळाकडे असावा आणि पाठीमागे भिंत. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि यंत्र त्या सावल्यांनाच चेहऱ्याची ठेवण समजतं.

मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ नेऊ नका. जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं, म्हणून हे जास्तच होतं. दीड ते दोन मीटर लांब उभे राहा आणि कॅमेरा दोन पट झूमवर ठेवा. ब्यूटी मोड बंद करा. अनेक फोनमध्ये तो आधीपासूनच सुरू असतो आणि सावळा माणूस गोरा करून टाकतो. फोटो दुसऱ्या फोनवर पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारकावे निघून जातात.

चेहऱ्याखेरीज वस्तूंचेही फोटो काढा. त्या घरची खंजिरी, तोच इळा, तीच हिशोबाची वही, नाटकातला तोच कोट. खंजिरी म्हटलं की यंत्र परदेशी टॅम्बोरिन काढून मोकळं होतं. बैल म्हटलं की वशिंड नसलेला, गुबगुबीत परदेशी बैल येतो. खरी वस्तू फोटोतून दाखवली की वाद संपतो. मेकअपमधला जुना फोटो मिळाला तर तोही घ्या. त्याचा उपयोग पुढे येईल.

कोणतं साधन घ्यावं

गावात बसून, मोबाइलवर आणि मराठीत काम करायचं असेल तर दोन सोपे पर्याय आहेत. जेमिनाय ॲपमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं, 'नॅनो बनाना' या नावाने ओळखलं जाणारं चित्रसाधन, आणि मार्च २०२५ मध्ये नव्या रूपात आलेली चॅटजीपीटीतली चित्र काढण्याची सोय. दोन्हींना फोटो देता येतात, मराठीत सांगितलेलं कळतं आणि झालेलं चित्र बोलत बोलत सुधारता येतं. दिलेल्या फोटोतला चेहरा टिकवून ठेवण्यात जेमिनायचं हे साधन मला जास्त भरवशाचं वाटतं. फुकट वापराला रोजची मर्यादा असते, म्हणून मजकूर आधी वहीत लिहून मगच कामाला लागा.

घरी संगणक असेल आणि त्यात निदान आठ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर स्टेबल डिफ्युजन हा स्वतःच्याच संगणकावर चालणारा मोकळा पर्याय आहे. त्यात आयपी-ॲडॉप्टर नावाच्या जोडणीने चेहऱ्याचा संदर्भ देता येतो, कंट्रोलनेट नावाच्या जोडणीने दोन्ही चित्रांत शरीराची ठेवण जवळपास सारखी राखता येते आणि फोटो बाहेर कुठे जात नाहीत. पण ते शिकायला वेळ लागतो. पहिलं चित्र करायला तिकडे जाऊ नका.

मांडणी ठरवा

दोन रूपं एका चित्रात बसवण्याचे बरेच प्रकार आहेत. चेहरा मधोमध चिरून दोन अर्धे दाखवणं सगळ्यांना आधी सुचतं. आपल्याकडे अर्धनारीनटेश्वराच्या मूर्तीमुळे ही मांडणी डोळ्यांना सवयीचीही आहे. पण माणसाच्या फोटोत ती सांभाळणं अवघड जातं. कपाळ, नाक, ओठ यांवरून जाणारी रेघ जरा हलली की चेहरा विद्रूप होतो आणि दोन्ही रूपांना अर्धीच जागा मिळते. आरशातलं प्रतिबिंब हा दुसरा प्रकार. शेतकरी आरशात पाहतो आणि आतून कलावंत त्याच्याकडे पाहतो. मेकअपच्या खोलीशी हे छान जमतं, पण आरशातली दिशा यंत्र पुष्कळदा चुकवतं. एकाच चौकटीत दोघं शेजारी बसलेले दाखवले तर गंमत येते, मात्र पाहणाऱ्याला ते जुळे भाऊ वाटण्याची भीती असते.

माझी पसंती जोडचित्राला आहे. दोन स्वतंत्र चित्रं, एकाच मापाची, शेजारीशेजारी. दोन्हींत माणूस छातीपर्यंत, डोळे एकाच उंचीवर, खांदे सारखे. बसणं बदलायचं नाही. कपडे, वस्तू, जागा आणि उजेड एवढंच बदलायचं. सारखेपणा जितका काटेकोर, तितका फरक ठसठशीत दिसतो. शिवाय एक बाजू बिघडली तर तेवढीच पुन्हा करता येते.

डाव्या चित्रात उजेड डावीकडून आणि उजव्या चित्रात उजवीकडून येऊ द्या. म्हणजे बाहेरच्या कडा उजळ राहतात आणि मधला सांधा गडद होतो. दोन्ही रूपं एकाच अंधारातून बाहेर आल्यासारखी दिसतात आणि जोड डोळ्यांना खुपत नाही.

पहिलं रूप: मजकूर कसा लिहावा

यंत्र असंख्य चित्रं पाहून शिकलेलं असतं. तुम्ही जे सांगत नाही तिथे ते त्या सगळ्यांची सरासरी भरतं. नुसतं 'भारतीय गावातला माणूस' म्हटलं की राजस्थानी पगडी येते, 'गावातली बाई' म्हटलं की घागरा आणि मोठी नथ. म्हणून मजकुरात विशेषणं कमी आणि वस्तू जास्त हव्यात.

आपले बोलीतले शब्दही तिथे अडतात. बांधी (बांध घातलेलं भातशेत), धुरा (शेताचा बांध), पऱ्हे हे शब्द त्याला कळतीलच याची खात्री नाही. 'खांद्यावर दुपट्टा' लिहिलं तर पुरुषाच्या अंगावर बाईची ओढणी येऊ शकते. तिथे 'खांद्यावर टाकलेला पांढरा सुती पंचा' असं लिहावं. बांधी हवी असेल तर ती कशी दिसते ते सांगावं.

आपल्या कलावंताच्या शेतातल्या रूपासाठी मजकूर असा:

"सोबतच्या चार फोटोंत एकच माणूस आहे. त्याचाच चेहरा ठेवून छातीपर्यंतचं उभं छायाचित्र तयार कर, प्रमाण तीनास चार. चेहऱ्याची ठेवण, नाकाची रुंदी, कानांचा आकार, भुवईवरचा व्रण, त्वचेचा सावळा रंग आणि पिकलेले केस जसेच्या तसे ठेव. वय कमी करू नकोस, त्वचा गुळगुळीत करू नकोस. तो थेट कॅमेऱ्याकडे पाहतो आहे, तोंड मिटलेलं, चेहरा शांत. अंगात बाह्या दुमडलेला, धुऊन विटलेला फिका निळा सुती शर्ट, खांद्यावर पांढरा सुती पंचा. छातीजवळ धरलेल्या दोन्ही हातांत भाताच्या हिरव्या रोपांची जुडी, बोटांना ओला चिखल. मागे पाणी साचलेलं सपाट भातशेत, मातीचे बुटके बांध, दूर मोहाची झाडं. डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेती नको. पावसाळ्यातली सकाळ, ढगाळ आभाळ, डावीकडून येणारा मऊ उजेड, चित्राची उजवी कड गडद. पागोटं नको, दागिने नकोत, चित्रात कुठलाही मजकूर नको."

हा मजकूर लांब वाटेल, पण त्यातलं प्रत्येक वाक्य एकेक चूक टाळण्यासाठी आहे. 'सुंदर', 'आकर्षक', 'उत्तम दर्जाचं' हे शब्द मात्र टाळा. त्यांनी चेहरा गोरा, तरुण आणि तुकतुकीत होत जातो. आपल्या मातीतला रंग आणि उन्हाने पडलेल्या रेषा हीच त्या चेहऱ्याची ओळख आहे. ती पुसून केलेलं चित्र कितीही देखणं असलं तरी माझ्या लेखी टाकाऊ आहे.

दुसरं रूप: चेहरा धरून ठेवा

इथे बरेच जण पहिलं तयार झालेलं चित्र देऊन 'आता याला नाटकाचा पोशाख घाल' असं सांगतात. तसं करू नका. यंत्राने काढलेल्या चेहऱ्यावरून पुन्हा चेहरा काढला की प्रत्येक फेरीत तो खऱ्यापासून थोडाथोडा सरकत जातो. दुसऱ्या रूपासाठी पुन्हा मूळ फोटोच द्या. सोबत पहिलं चित्र द्या आणि ते फक्त मांडणीसाठी आहे हे स्पष्ट सांगा:

"पहिल्या चार फोटोंतून चेहरा घे. पाचवं चित्र फक्त मांडणीसाठी आहे: डोक्याचं माप, डोळ्यांची उंची, खांद्यांची ठेवण आणि नजरेची दिशा त्याच्यासारखी ठेव. सहाव्या फोटोत कोट आहे, तोच कोट घाल. हा माणूस ग्रामीण मराठी नाटकात खलनायक आहे. चेहऱ्यावर रंगमंचाचा जाड मेकअप, गडद केलेल्या भुवया, काजळ, पीळ दिलेली मिशी. मेकअपखाली चेहरा, कान आणि नाक तेच राहू दे. एक भुवई किंचित वर. मागे कापडाच्या मंडपातला रंगमंच आणि महालाचं चित्र रंगवलेला पडदा, जरा अस्पष्ट. रात्र, उजवीकडून वरून येणारा पिवळा प्रखर उजेड, चित्राची डावी कड गडद."

मेकअपमधला जुना फोटो असेल तर तो इथे जोडा आणि मेकअप त्याच्यावरून घ्यायला सांगा. झाडीपट्टीतला रंगमंच, तिथला मेकअप आणि तिथले रंगवलेले पडदे यांची चित्रं यंत्राने फारशी पाहिलेली नसणार. सांगितलं नाही तर ते शहरातलं नाट्यगृह आणि लाल मखमली पडदा काढेल.

हातांचा विचार आधीच करा. पहिल्या चित्रात हातात रोपांची जुडी आहे, तर दुसऱ्यातही हात त्याच जागी असावेत: कोटाच्या कडा धरलेले किंवा मुठीत काठी. हात सारखे आले की पाहणाऱ्याची नजर एकातून दुसऱ्यात आपोआप जाते.

चित्र आल्यावर एका वेळी एकच बदल सांगा. 'मिशी थोडी बारीक कर, बाकी काहीही बदलू नकोस.' चार बदल एकदम सांगितले की पाचवी गोष्ट बिघडते आणि कशामुळे बिघडली ते कळत नाही. चेहराच चुकला असेल तर डागडुजीत वेळ घालवू नका, नवीन संभाषण उघडून मुळापासून सुरू करा.

बाईचं जोडचित्र करताना

मजकुराचा साचा तोच, पण इथे यंत्राच्या ठरीव कल्पना जास्त आड येतात. यवतमाळ, वर्धा किंवा अमरावतीकडे कापूस वेचणारी बाई लुगड्यावर किंवा साडीवर पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला रुमाल बांधते, वेचलेला कापूस ठेवायला कमरेला कापड बांधते. यंत्र हे आपणहून कधीच काढणार नाही. ते हातात टोपली घेऊन हसणारी, स्वच्छ साडीतली तरुणी काढेल. म्हणून शर्ट, त्याच्या चौकडी, रुमालाची गाठ, सगळं लिहा. शक्यतो त्या कपड्यांत त्यांचा एक फोटोच घ्या.

नऊवारी लिहिलं की लावणीतलं, घट्ट नेसलेलं, चमचमतं लुगडं येतं. आपल्या म्हाताऱ्या बायांचं रोजचं लुगडं तसं नसतं. इथेही फोटो दाखवल्याशिवाय जमत नाही. गोंदण असेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो घ्या. कपाळावरचे, हनुवटीवरचे ठिपके यंत्र टिकलीत बदलतं किंवा पुसून टाकतं. कपाळावर कुंकू आहे की नाही, गळ्यात काय आहे, हे तिच्या जगण्याशी जोडलेलं असतं. विधवा बाईच्या कपाळावर यंत्राने परस्पर कुंकू लावलं आणि ते तसंच घरी गेलं, तर केवढी पंचाईत होईल याचा विचार करा.

दुसऱ्या रूपात ती बचत गटाच्या बैठकीत असेल: चष्मा, हिशोबाची वही, हातात पेन, वरून बल्बचा पिवळसर उजेड. दोन्हींत हात छातीजवळ. एकीकडे ओंजळीत बोंडातून नुकताच काढलेला कापूस, दुसरीकडे उघडी वही. दोन्ही चित्रांत पांढरं एकाच जागी येतं आणि जोड जमते.

आदिवासी माणसाचं चित्र असेल तर 'आदिवासी पोशाख' असा शब्द लिहूच नका. त्यातून पिसं, कवड्या आणि कुठलीतरी अनोळखी जमात निघते. गोंड किंवा माडिया घरात जे नेसतात त्याचा फोटो द्या. सणाचा पोशाख दाखवावा की नाही हे त्यांनाच विचारा.

तपासणी

चित्र मोठं करून पाहा. बोटं मोजा. दोन्ही कानांच्या पाळ्या मूळ फोटोशी ताडून पाहा, कारण चेहरा बदलल्याचं कानांवरून लवकर कळतं. दात जास्त सरळ आणि पांढरे झालेत का? तीळ, व्रण जागेवर आहेत का, की उजवीकडचा डावीकडे गेला? शर्टाची बटणं पुरुषाच्या शर्टासारखी आहेत ना? हार्मोनियम असेल तर काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत आहेत ना? नांगर, वखर, तिफण यांत तर हमखास गडबड होते.

मग ते चित्र घरातल्या अशा कोणाला तरी दाखवा ज्याला हे काम माहीत नाही. आई, बायको, शेजारचा दोस्त. काही न सांगता विचारा, 'हा कोण?' नाव लगेच आलं तर चित्र जमलं. 'याच्यासारखाच कोणीतरी दिसतो' असं उत्तर आलं तर पुन्हा बसा.

जोडणी, अक्षरं, छपाई

दोन्ही चित्रं जोडायला कॅनव्हासारखं ॲप पुरतं. डोळ्यांची उंची जुळवा. यासाठी वरून एक आडवी रेघ ओढून घ्या आणि शेवटी ती काढून टाका. मध्ये बारीक काळी पट्टी ठेवली तरी चालते.

नाव, गाव असा मजकूर यंत्राकडून चित्रातच लिहून घेऊ नका. नव्या आवृत्त्यांत देवनागरी सुधारली आहे, तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या बिघडतात. अक्षरं ॲपमध्ये नंतर टाका. तळाशी लहान पण वाचता येईल असं लिहा: 'एआयने तयार केलेले चित्र'. गूगलची साधनं चित्रात सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण घालतात, पण ती गावातल्या माणसाला दिसत नाही. लिहिलेली ओळ दिसते.

फोटो लॅबमध्ये १२ × १८ इंचांची प्रिंट सहज मिळते. ती आडवी धरली तर प्रत्येक रूपाला ९ × १२ इंच जागा मिळते आणि तीनास चार हे प्रमाण नेमकं बसतं. इंचाला ३०० ठिपके धरले तर प्रत्येक चित्र २७०० × ३६०० पिक्सेलचं हवं. ॲपमधून येणारं चित्र बऱ्याचदा यापेक्षा लहान असतं. संगणक असेल तर अपस्केल (Upscayl) नावाचा फुकट प्रोग्राम ते मोठं करतो. मात्र मोठं करताना तो त्वचा पुन्हा गुळगुळीत करू शकतो, म्हणून चेहरा परत एकदा मूळ फोटोशी ताडून पाहा. नाटकाच्या मंडपाबाहेर लावायच्या फ्लेक्ससाठी एवढ्या बारकाव्याची गरज नाही. तो लांबून पाहिला जातो, इंचाला ७२ ठिपके असले तरी पुरतात.

मोबाइलचा पडदा स्वतः उजळ असतो, कागद नसतो. सावळा चेहरा आणि गडद कड कागदावर आणखी काळी पडते. मोठी प्रिंट सांगण्याआधी ४ × ६ इंचांची एक काढून घ्या आणि ती दिवसाच्या उजेडात पाहा. चेहरा दबलेला वाटला तर फक्त मधला उजेड थोडा वाढवा. सगळं चित्र उजळ केलं तर रात्रीचं रूप फिकं पडतं. कागद मॅट घ्या, चकाकत्या कागदावर गडद भागात खिडकीचं प्रतिबिंब पडतं.

फ्रेम करणाऱ्याला काच आणि प्रिंट यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा. आपल्याकडच्या पावसाळ्यात मातीच्या भिंतीला ओल येते, प्रिंट काचेला चिकटते आणि मग ती न फाटता निघत नाही. एक प्रिंट त्या घरी द्या. मूळ फोटो, दोन्ही सुटी चित्रं आणि वापरलेला मजकूर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची प्रत त्यांच्या मेमरी कार्डमध्येही भरून द्या. कामासाठी घेतलेले त्यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवायचे की पुसायचे, हे त्यांना विचारून त्यांच्या समोरच करा.